एक प्रत घराबाहेर

लॅमिंग्टन रोडच्या दुसऱ्या मजल्यावर अल्तमशने
माझ्या डब्याला कान लावला, डॉक्टरसारखा नव्हे,
नारळ घेणाऱ्यासारखा, जरा हलवून.
म्हणाला, ताई, डिस्क आजही जाईल, दिवाळीही काढेल.
हवं ते काढून घ्या. दोन प्रती करा.
एक घरात, एक घराबाहेर.

हवं ते म्हणजे कोणतं?
नोंदी मी कुठेही ठेवत आले,
हाताला लागेल त्या कागदावर दुधाचा हिशेब मांडावा तशा.
डेस्कटॉपवर, डाउनलोडमध्ये, प्रिंटरच्या फोल्डरच्या पोटात.
'नवीन', 'नवीन १', 'नवीन नवीन',
'पडदे', 'पडदे फायनल',
'पुसू नये'. ती उघडली तर रिकामी.

शोध लावला.
दोन हजार तीनशे सतरा.
चारकोपच्या एका खोलीत एवढं काय घडलं?

गॅसचा नंबर. गळतीवाल्याचं कोटेशन.
सुरमईच्या सहा तुकड्यांना चिंच किती.
'मंगळवारी स्पष्ट बोलायचं.' कुणाशी, ते नाही.
दुसऱ्या फोल्डरात, बुधवारची तारीख,
'बोलले नाही.'

कॉपी करताना मशीन विचारतं,
या नावाची फाइल आधीच आहे,
जुनी पुसू की दोन्ही ठेवू?
दोन्ही ठेव.
दोन्हीच ठेव बाबा, पडदेसुद्धा.

मग 'दुकान'.
खेतवाडीतलं डीटीपी बंद पडलं तेव्हा
तीन थकलेल्या पगारांच्या बदल्यात मशीन मिळालं,
त्यावरचं सगळं तेव्हापासून डब्यातून डब्यात हलवत आले.
सकाळी मी बसायचे, दोननंतर फिलोमिना.
भेट व्हायची ती जिन्यात, एवढीएवढीशी.
बाकीचं फायलींत लिहून ठेवायचो एकमेकींना:
पत्रिकेत नवरीचं नाव चुकलंय,
चहाचे साडेचार दिले,
मालकाला तू सांग, माझं ऐकत नाही.

असं मला आठवतं. आता उघडलं तर
अक्षरांचा पत्ता नाही.
फॉन्ट तेव्हाचा, त्याची सीडी मालकाच्या कपाटात गेली,
कपाट भंगारात.
पडद्यावर नुसते पौंड, उलटी प्रश्नचिन्हं
आणि डोक्यावर दोन टिंबं घेतलेले ओ, ओळीच्या ओळी.
बराच वेळ बघत बसले.
मग कळलं, जिथे अक्षराला उभा दंड,
तिथे तिथे तो ओ आहे.
म्हणजे मजकूर आहे. दांड्या उभ्या आहेत,
कपडे तेवढे उडून गेलेत.

एक नोंद मोठी, दीड पान.
तारीख तिच्या शेवटच्या दिवसाची.
मी तेव्हा वाचली असणार.
वाचली का?
उत्तर दिल्याचं कुठे सापडत नाही,
दोन हजार तीनशे सतरांत नाही.

उरलेला वेळ चौदा मिनिटं, म्हणालं मशीन.
मग दोन तास. मग पाच सेकंद.
कुकरची शिट्टी झाली तरी पाच सेकंदच.

एक प्रत मेथीदाण्याच्या डब्यात ठेवली.
दुसरी घराबाहेर. घराबाहेर माझं कोण?
डोंबिवलीच्या बहिणीकडे दिली तर ती वाचेल.
बँकेचा लॉकर सोडला गेल्या वर्षी, भाडं वाढलं म्हणून.
शेजारच्या परुळेकरांना काय सांगू,
माझी चिंच सांभाळा?

'नंबर जुने' मध्ये डिमेलो, गोराई.
सात आकडे. पुढे दोन लावला.
वाजत राहिला. मग एका पोराने उचलला,
मग लांबून चपलांचा आवाज.

फिलू म्हणाली, काय लिहिलं होतं ते मला गं काय ठाऊक.
हसली. मग गप्प.
मग म्हणाली, बोटांना ठाऊक असेल. घेऊन ये.

साडेनऊची बोट.
पर्समध्ये पेनड्राइव्ह, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत,
वर रुमाल.
खाडीवरच्या वाऱ्याचा भरवसा नाही.