रकाना

नोरझोमचा कॅनडाचा अर्ज मीच भरला होता,
अर्जुनीतल्या माझ्या दुकानात, लाइन यायची वाट पाहत.
कायमचं राहायला जायचा अर्ज.
राष्ट्रीयत्व : नाही.
"इथंच जन्मली ना बे मी," ती हसली,
"बोडीत पोहायला तूच शिकवलं."

दोन वर्षं तिकडून ना हो, ना नाही.
परवा पोस्टमननं तिबेटी वस्तीत
निळा पासपोर्ट दिला.
इथला.

आता तिकडं कळवायचं, बदल झाला म्हणून.
मी 'नाही' खोडलं.
कर्सर लुकलुकत राहिला.
रस्त्यापलीकडं तिची आई मोह वेचत होती;
आईचं पुस्तक अजून पिवळंच, निर्वासितांचं.

"टाक लिहून," म्हणाली,
आणि माझं मनगट धरलं.
"थांब. आजचा दिवस राहू दे.
उद्या पाठव."