अ. रा. रेशीमवाले, नकलाकार, इंदूर

क्लबात साहेबलोकांसमोर
अच्युत मिलचा भोंगा काढायचा.
एकदा असा काढला
की मागच्या दारचा वेटर
हातातला ट्रे ठेवून डबा शोधू लागला.

मग मॅनेजर. चिरूट नसताना
त्यानं राख झटकली नुसती,
मॅनेजर पोट धरून हसला, दहाची नोट दिली.
सोमवारी हिशेब चुकता.

पुढे गणपतीचे मांडव, लग्नं, देवासची जत्रा,
रात्री सराफ्यात उधारीचा गराडू.

पासष्ट साली टाइमकीपर मुळ्ये गेले.
तेराव्यानंतर त्यांची बायको आली.
“त्यांचं येणं करून दाखवा ना. जिन्यावरचं.”

त्यानं चपला ओढल्या,
कठड्याशी थांबला,
तीनदा खोकला.

ती म्हणाली, “दोनदाच खोकायचे.”

तेव्हापासून दोनदाच.
टाळ्या जरा कमी पडायच्या.