साडेचार मैल

माझ्या बापाचं नाव सुपडू.
आधीची तिघं गेली, म्हणून जन्मल्याबरोबर
आजीनं त्याला सुपात घालून दाईला सव्वा पैशाला विकला
आणि पायलीभर दादर देऊन परत घेतला.
रेल्वेच्या बिल्ल्यावर नाव नव्हतंच. आकडा होता,
चारशे सतरा. माय तो वाराच्या वारी चिंचेनं घासायची.

पहाटे अंधारात भाकरी थापताना
चुलीच्या उजेडात तिचा फक्त हात दिसे.
भाकरी, ठेचा, एक कांदा. फडक्याची गाठ
बाप दातानं ओढून घट्ट करी,
इतकी, की दुपारी ती सोडायला
काट्यावरचा रहेमान तडवी लागे.

नरडाण्याच्या अलीकडून पांझरेच्या पुलापर्यंत
साडेचार मैल. जाताना डावा रूळ, येताना उजवा.
खांद्यावर हातोडा, बगलेत लाल-हिरवी झेंडी,
आणि प्रत्येक चावीवर एक घाव.
घट्ट चावी खणकन बोलते.
सैल असली तर दबकत, कुणाचं देणं लागत असल्यासारखी.
वाचता येत नव्हतं त्याला. ऐकता यायचं.

ही खोड तो घरीही आणी.
कुंभाराकडचं मडकं, बाजारातलं टरबूज, खाटेचा खूर.
माझा ताप उतरला तेव्हा बोटाच्या पेरानं
माझ्या कपाळावर टकटक केलं, कान लावला,
आणि मायला म्हणाला, "पक्की शे आंडेर."

त्या वर्षी श्रावण दोनदा आला.
धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीनं जावयाला जेवू घातलं,
वर पितळी लोटा दिला.
बापानं भर पंगतीत तो वाजवून पाहिला.
आजोबा पानावरून उठले ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.
माय परतीच्या वाटेवर हसत होती,
पदर तोंडात कोंबून, पार शिवेपर्यंत.

मग खऱ्या श्रावणात
वेळापत्रकात नसलेल्या गाड्या यायला लागल्या. रात्रीच्या.
ताडपत्रीखाली काय, कुणी सांगेना.
एका डब्यात खेचरं होती, एवढं रहेमाननं वासावरून ओळखलं.
"काय शे रे गाडीमा?" तो विचारी.
"माले काय माहीत. बत्तीस चाकं जास्ती शेतस."
ट्रॉलीवरून साहेब आला, छत्रीखालूनच म्हणाला,
आता फेरी दोनदा. सकाळी एक, दुपारी एक.
पगार तोच, तेरा रुपये.
फडक्यात आता दोन भाकरी, गाठ मात्र एकच.

कानबाईचे रोट संपून गेले होते,
पोळ्याला दहा दिवस होते.
मी बैलांसाठी मण्यांची माळ ओवत होते.
बैल आमचे नव्हतेच, शेजारच्या उखा पाटलाचे;
पण तो मणी देई, आणि ओवायला मला आवडे.
नथ्थूनं चिखलाचं इंजिन केलं होतं,
त्याला धूर म्हणून कापूस लावला होता.
वार रविवार.
पुढे शाळेत मास्तरांनी ती तारीख फळ्यावर लिहिली
तेव्हा मी बोटं मोजून मागे गेले,
आणि तिथे मला हेच सापडलं: मणी, कापूस,
आणि दिवेलागणीला दारात हातोडा टेकवणारा बाप.

"पुलाजोडे एक चावी ढिली व्हती," तो म्हणाला.
"बसनी का?"
"बसनी."
मायनं पाय धुवायला पाणी दिलं.
टाचेच्या भेगांत खडीची भुकटी भरली होती, ती निघाली नाही.

रात्री एक गाडी गेली. लांबच लांब.
फळीवरचा लोटा आपणहून वाजायला लागला,
बारीक, थांबेचना.
मला वाटलं बाप चाकं मोजतोय.
तो उठला, अंधारातच फळीपाशी गेला
आणि लोट्यावर तळहात ठेवून उभा राहिला,
गाडी पूल ओलांडेपर्यंत.