मात्रा

गुरुवारी सातला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दुकानामागच्या खोलीत
आम्ही जमतो. मोन्तेविदेओत जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
समुद्राएवढ्या नदीवरून वारा येतो,
दाराखालून शिरतो
आणि आमचे कच्चे खर्डे आमच्याआधी चाळून बघतो.

माते प्यायचा भोपळ्याचा पेला एकच, नळी एकच.
नियमही एकच: ज्याचं पान वाचायला घेतलंय, पेला त्याच्या हाती.
तोंडात नळी असली
की माणूस स्वतःची वकिली करत नाही.

ब्राउलिओनं तेहतीस वर्षं बस चालवली.
अडुसष्टाव्या वर्षी पहिली कविता आणलीये,
लाँड्रीच्या पावतीमागे, मेलेल्या कुत्र्यावर.
सतरा ओळींत नऊ वेळा ‘हृदय’.
‘आत्मा’ दोनदा. चंद्र तर आहेच.
माझ्या पेन्सिलीला खाज सुटते.

पण अकराव्या ओळीत तो कुत्रा
बसण्याआधी स्वतःभोवती तीन फेऱ्या मारतो
आणि मग बसतच नाही.

मी म्हणते, ब्राउलिओ, या ओळीत मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी होते.
बाकी काही म्हणत नाही.
तो पेला खाली ठेवायला विसरतो,
पाणी संपलं तरी नळी ओढत राहतो,
रिकाम्या भोपळ्याचा घुर्रर्र आवाज.

शेजारी ओफेलिया बेन्तांकोर. चार कादंबऱ्या,
तिसरीला नगरपालिकेचं पदक.
तिचं नवं प्रकरण मी काचेच्या भांड्यासारखं धरते:
लय सुरेख. भाषा प्रगल्भ. वातावरण उभं राहतं.
ती नियम मोडून नळी तोंडातून काढते.
“मी मेलेय का? हे शोकसभेतलं बोलणं झालं.”

खोलीत दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकू येतात.

मग मी सांगते. चाळिसाव्या पानापासून तू लिहीत नाहीयेस,
तू तुझ्यासारखं लिहितेयस.
ही विधवा रडते ती तुझ्या दुसऱ्या पुस्तकातल्या विधवेचं रडणं,
रुमालसुद्धा तोच.

ती बराच वेळ कुठेच बघत नाही.
“रुमाल तोच,” म्हणते. “हो.”
आणि आज पहिल्यांदा पेनाचं टोपण काढते.

हे मी कुठे शिकले तेही सांगायला हवं.

बारा वर्षांपूर्वी मिल्का यायची. एकोणीस वर्षांची,
ओल्या केसांनी, नेहमी उशिरा.
मला तेव्हा वाटायचं, खरं ते खरं, सगळ्यांना सारखंच वाढावं.
तिच्या चार पानांवर मी एवढं लाल केलं
की खालचं निळं दिसेना.
एकही दुरुस्ती चुकीची नव्हती.
आजही शपथेवर सांगेन, एकही नाही.
पुढच्या गुरुवारी खुर्ची रिकामी.
त्याच खुर्चीत आता ब्राउलिओ बसतो.

ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात असते.
माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच देते
आणि खोक्यावर लिहिते:
सकाळी अर्धी. पोटात काही असताना.

“तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना हीच अख्खी लागते,”
म्हणाली एकदा, सुटे पैसे मोजता मोजता.
“औषध तेच हो. मात्रा माणूस बघून.”
मी तिच्या चेहऱ्यात काही शोधलं.
चेहरा मोकळा होता. माझ्यामागे रांग होती.

लिहितेस का, हे मी विचारलेलं नाही.
विचारायचा हक्क मी कधीच खर्चून बसलेय.

पण ती खोकी टाकवत नाहीत.
वह्यांच्या कप्प्यात ठेवलीत, अकरा झाली.
निळी शाई. गोल, न घाबरलेलं अक्षर. पूर्णविराम ठाम.
पोटात काही असताना.
एवढी नेमकी ओळ
आमच्या खोलीत
फार दिवसांत कुणी आणलेली नाही.