मधली चित्रं

व्हर्लिनमामाच्या तळघरात एक टेबल आहे,
पोटात दिवा असलेलं.
काचेवर कागद, कागदावर कागद,
आणि सगळ्यांत खालून पुसटसा दिसणारा
काल रात्री काढलेला हात.

टोलेडोत बर्फ साचला की वरच्या अरुंद खिडकीतून
रस्त्यावरचे फक्त बूट दिसतात.
मामा ते टिपून ठेवतो.
पोस्टमनचा उजवा पाय जरा उशिरा निघतो.
ओडेगार्डबाई घसरायच्या आधीच घसरल्यासारख्या चालतात.

दिवसा तो वेफर्सच्या पिशवीवरचा हसरा बटाटा काढतो.
बटाट्यावर घर चालतं.
रात्री राक्षस.

सात मिनिटांची फिल्म, अकरा वर्षं चाललेली.
चुनखडीच्या खाणीतून वर आलेला राक्षस
नाणी टाकून चालणाऱ्या लाँड्रीत रात्रपाळी करतो,
लोकांचे सुटे पडलेले मोजे जुळवतो.
एवढीच गोष्ट.
आई म्हणते, एवढ्यात दोन पोरं शिकून बाहेर पडली असती.
मामा पेन्सिलीला टोक करतो.

भिंतीवर शुक्रवारी रात्रीच्या भीतिपटांची कात्रणं,
फळीवर नाश्त्याच्या खोक्यांतून निघालेली प्लास्टिकची भुतं,
एके काळी अंधारात चमकायची.
आता चमकत नाहीत,
पण झोपायला जाताना दिवा मालवून
तो क्षणभर थांबतोच.
च्युइंगमच्या कार्डांचा संच पूर्ण आहे,
सत्तेचाळीस नंबर सोडून.
त्याबद्दल विचारायचं नाही.

मुख्य चित्रं त्याची: हात वर. हात खाली.
मधली माझी.
मधली कुणी बघत नाही, तो म्हणतो,
गाळलीस तर मात्र शेंबड्या पोरालाही कळतं.

फेब्रुवारीत हायवेलगतच्या हॉटेलात जत्रा होती,
जुन्या सिनेमांच्या वेड्यांची.
शेजारच्या हॉलमध्ये कुणाचं तरी लग्न,
भिंतीतून ढोलकं ऐकू येत होतं.
शेवटच्या टेबलाशी डेल्बर्ट प्रुइट, वय अठ्ठ्याऐंशी,
त्या खाणीतल्या राक्षसाच्या रबरी कातड्याच्या आतला माणूस.
सहीचा फोटो दहा डॉलर.
रांग दुसऱ्या टेबलाला होती.

मामा नऊ वर्षांचा असताना पांघरुणातून एक डोळा काढून
ज्याला बघत होता, तो हा.
गाडीत तीनदा म्हणून पाहिलेला प्रश्न
एका दमात बाहेर पडला:
धरणावरच्या त्या प्रसंगात तुम्ही दोन्ही हात असे फिरवता,
एवढा राग कुठून आणलात?
मी अकरा वर्षं तोच काढतोय.

म्हाताऱ्यानं थर्मासचं झाकण फिरवलं.
राग कसला, बाबा.
डोळ्यांची भोकं माझ्या गळ्याशी यायची.
घाम गुडघ्यापर्यंत, दिसत काहीच नव्हतं.
डायरेक्टर शिट्टी वाजवायचा, मी शिट्टीकडे जायचो.
त्या दिवशी वारा होता, शिट्टी ऐकूच येईना.
मी आपला कठडा चाचपत होतो.

आणि तो उठला.
डोळे मिटून, हात पुढे धरून
गालिच्यावरून चार पावलं आला.
बोटं माझ्या खांद्याला लागली.
माफ कर हं, म्हणाला,
आणि डोळे उघडून जागेवर जाऊन बसला.

परतताना मामा गप्प.
पेट्रोलपंपाच्या पुढे कधीतरी
त्यानं कडाक्याच्या थंडीत काच खाली केली
आणि एकदाच शिट्टी वाजवली.
मी काही बोलले नाही.

रागाची तीनशे बारा चित्रं त्यानं फाडली नाहीत,
डुगडुगणाऱ्या सोफ्याच्या पायाखाली सरकवली.
आता राक्षसाची आधी बोटं हलतात,
मग मनगट, मग नाइलाजानं खांदा.
कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात मामानं लिहिलंय:
इथे त्याला माहीत नाही.
पुढच्या मुख्य चित्रावर: इथे लागलं.

दोन्हींच्या मधे चौदा कागद, माझे.
भिंत लागलेली नाही,
लागलेली नाही,
गार हवेत नुसता भिंतीचा अंदाज.
नवव्या कागदावर मी करंगळी किंचित वाकवली.
मामानं दोन्ही कागद बोटांत धरून
फडफडवून पाहिले, पुन्हा पाहिले,
आणि हसऱ्या बटाट्याचं काम राहिलंय
म्हणत वर निघून गेला.