बाटली क्रमांक दोनशे बारा

पुलाखाली, जिथे शहराचं सांडपाणी नदीला मिळतं,
गुरांदा दोरीला बाटली बांधून उभी.
तिबिलिसी अजून झोपेत.
भट्टीवाला तेवढा जागा, पाव काढता काढता विचारतो,
"काय लागलं आज गळाला?"
"घाण," ती म्हणते. "उत्तम प्रतीची."

प्रयोगशाळेत तबकडीवर जिवाणूंची साय धरते,
एकसंध, राखाडी.
तिच्यावर नदीचा एक थेंब.
मग रात्र जाऊ द्यायची.
सकाळी सायीला भोकं दिसली
तर समजायचं, कुणीतरी जेवून गेलं.

त्या कुणाला तोंड नाही, पोट नाही.
सहा काड्या आणि एक टोचणी.
जिवंत म्हणवत नाही,
मेलेलं म्हणावं तर तासाभरात पिल्लं शंभर.
माणसाच्या वाटेला जात नाही.
त्याचं वैर जिवाणूशी,
तेही एखाद्याच घराण्याशी, पिढीजात.

काट्याने काटा काढायचा, एवढंच आमचं शास्त्र.
पण कुठल्या काट्याला कुठला काटा?
फ्रीजमध्ये साडेअकरा हजार आहेत.

वाझा, रुस्तावीचा ट्रकचालक,
चार वर्षं पायात एक जखम घेऊन फिरतो.
औषधं थकली. कुलुपात ठेवतात ते शेवटचंही.
जिवाणूने आपल्या भिंतीत पंप बसवलाय,
औषध आत आलं की उपसून बाहेर.
सर्जनने गुडघ्याखाली पेनाने रेघ ओढली.
वाझाने मोजा वर ओढला, रेघ झाकली.

मी परदेशात शिकून आले ते असं:
जिवाणूची अक्षरं, विषाणूची अक्षरं,
सगळा ढीग यंत्रापुढे ओतायचा
आणि विचारायचं, कुणाचं कुणाशी जमेल?
सोयरीकच, फक्त उलटी.
आम्ही वैर जुळवतो.

यंत्र दोन रात्री घरघरलं.
पाच नावं दिली.
चार नवी कोरी. चारही तबकड्यांवर साय अखंड.
पाचवं, बाटली दोनशे बारा.
चिठ्ठीची शाई उडालेली, अक्षर गुरांदाचं:
'प्रसूतिगृहामागची गटार. फेब्रुवारी ९३.'

"आठवत नाही," ती म्हणाली.
आठवलं ते दुसरंच.
त्या हिवाळ्यात वीज नव्हती, पगार नव्हता,
फ्रीज एकेक करून कोमट होत गेले.
तिने कोटाच्या अस्तरात बाटल्या शिवून घरी नेल्या,
गॅलरीतल्या बर्फात, लोणच्याच्या बरण्यांत दडवल्या.
शेजारणीने एक बरणी पळवली.
"तिला वाटलं, काकड्या!"
गुरांदा हसायला लागली, हसतच राहिली,
मग चष्मा पुसायला उठून खिडकीशी गेली.

दोनशे बाराने सकाळपर्यंत सायीची चाळण केली.

नवव्या दिवशी जिवाणू शहाणा झाला.
ज्या कडीला धरून विषाणू आत शिरायचा
ती कडीच त्याने उपटून टाकली.
तबकडी पुन्हा एकसंध.
मी खुर्चीत बसून राहिले. चहा गार झाला.
गुरांदाला अक्षरांचे ढीग वाचता येत नाहीत.
तिने नुसतं विचारलं,
"ती कडी होती कशाची गं?"

पंपाची.

कडी ठेवली तर विषाणू खाणार,
उपटली तर औषध.
इकडे आड, तिकडे विहीर.
डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवालाही
ही म्हण लागू पडते, हे मला माहीत नव्हतं.

टाकून दिलेलं जुनं औषध पुन्हा चाललं.
वाझाचा पाय राहिला. करंगळी गेली.
तो म्हणतो, क्लचला करंगळी लागत नाही.

शोधनिबंध परत आलाय, समासात प्रश्न घेऊन:
त्या हिवाळ्यात नमुना कुठे ठेवला होता? तापमान किती?
"लिही," गुरांदा म्हणते, दोरी गुंडाळत,
"गॅलरीत. काकड्यांच्या शेजारी."
मी लिहिते: शून्य अंश, अंदाजे.