सतरा नंबरची बाई

मी चेहरे करते. पगारी.
ग्रोनिंगनमध्ये, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत,
एका खेळासाठी, जो कुणीच जिंकत नाही.
खेळ एवढाच : बसमध्ये चढायचं,
मागच्या बाकापर्यंत जायचं, बसायचं,
तीन थांबे येईपर्यंत उतरायचं नाही.

बसमध्ये चाळीस माणसं, सगळी माझ्या हातची.
एकाला मी वडिलांच्या भुवया दिल्यात
(विचारलं नाही. ते आता विचारण्यापलीकडे).
हिल्केच्या पडद्यावर एक पट्टी असते.
ती उजवीकडे सरकवली की
चाळीसच्या चाळीस माना पेशंटकडे वळतात.
डावीकडे, की जो तो आपापल्या फोनात.

वीबे पूर्वी साखर कारखान्यात होता, बीटाच्या हंगामात.
त्याची खात्री होती की बसमधली माणसं
त्याच्या डोक्यातलं ऐकतात
आणि थांब्याथांब्यावर पुढच्यांच्या हवाली करतात.
दोन वर्षं तो पायीच हिंडला.
बुटांचे तीन जोड झिजले, खात्री नाही झिजली.

चौथ्या खेपेला तो जाड चष्मा काढून तो म्हणाला,
सतरा नंबरची बाई बघत नाही.
बाकीचे बघतात, ते ठीक, ती तुमची पट्टी.
पण जी बघत नाही,
तिलाच सगळं माहीत आहे.

रात्री मी फाइल उघडली.
हिरवा कोट, पिशवीतून डोकावणारी लीकची जुडी,
मान बरोबर वळते,
डोळे मात्र खिडकीबाहेर.
ओळ दोनशे बारा. एका आकड्यामागे वजाचं चिन्ह.
माझंच. बहुधा शुक्रवारचं, संध्याकाळचं.
खोडायला क्षणही लागला नसता.
हिल्के फोनवर म्हणाली, थांब. खोडू नकोस.
तू ये, त्याला दाखव.

त्याने खुर्ची इतकी पुढे ओढली
की श्वासाने पडदा धुरकटला.
मुद्दाम केलंस?
नाही.
कुणी करायला सांगितलं?
नाही.
मग का?
दमले होते.

हे उत्तर त्याने बराच वेळ चावून पाहिलं,
नाणं खोटं आहे का बघावं तसं.
मग म्हणाला, मी खोडू?
एक बोट. एक कळ.
चष्मा चढवून तो पुन्हा बसमध्ये शिरला
आणि हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा, हिल्के नंतर म्हणाली.
आता तीसुद्धा बघतेय माझ्याकडे!
हे बरं की वाईट, आम्हा दोघींना कळेना.

मग हसू ओसरलं. म्हणजे कुणीतरी
बटणं दाबतं, हे खरंच ना?
इथे हो, हिल्के म्हणाली. इथे मी दाबते.
आणि बाहेर?
तिने उत्तर दिलं नाही,
खुंटीवरचा रेनकोट काढला,
त्याचं जाकीट त्याच्या हातात दिलं.
ती दोघं गेली. मी माझा कप विसळला.

नोव्हेंबरात मला तो दिसला, सहा नंबरच्या बसमध्ये.
हवेत बीट शिजल्याचा गोडसर, मातकट वास.
मागच्या बाकावर एकटाच, हुड काढलेला,
गुडघ्यावर दोन्ही हात, जणू ते कुणी ठेवायला दिलेत.
त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून
मी चटकन नजर वळवली
आणि खिडकीबाहेर पाहू लागले.
कालव्यात नावा. पूल. मग एकदम लक्षात आलं,
आता सतरा नंबरची मीच.

काचेत त्याचे ओठ हलताना दिसले.
ऐकू आलं नाही, पण शब्द दोनच अक्षरांचा होता.
मी वळले. त्याच्याकडे नीट, सरळ पाहिलं.
त्याने मान डोलावली, ओळखीची की कशाची, ठाऊक नाही,
आणि दुसऱ्याच थांब्यावर उतरला.

तिसरा राहिला.
तो वाऱ्यात खांदे आक्रसून चालू लागला,
आणि बसमधल्या कुणीही,
मी सोडून,
मागे वळून पाहिलं नाही.